मेसेज डिलीट होत नाहीत? फोन फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

नाशिकच्या एम. जी. रोडवर मोबाइलच्या दुकानांची रांग आहे. तिथे किंवा कुठल्याही गावातल्या अशा रांगेत "मेसेज डिलीटच होत नाहीत हो" म्हणत गेलात, तर "फॉरमॅट मारून देतो" हे उत्तर मिळण्याची शक्यता बरीच असते. फॉरमॅट मारल्यावर मेसेज जातात हे खरंच. पण त्यांच्याबरोबर बॅकअप नसलेले फोटो जातात, बँकेची अ‍ॅप पुन्हा नोंदवावी लागतात, यूपीआय नव्याने सुरू करावं लागतं. लासलगावला कांदा विकून पैसे खात्यावर जमा झाल्याचा मेसेज हाच ज्यांचा हिशेब असतो, त्यांचा तो हिशेबही जातो. आणि बहुतेक वेळा ह्यातलं काहीच करण्याची गरज नसते.

"डिलीट होत नाही" ह्या एका वाक्यात चार वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. बटण दाबूनही मेसेज जागचा हलत नाही, ही पहिली. मेसेज जातो आणि परत येतो, ही दुसरी. मेसेज गेला तरी आयकॉनवरचा लाल आकडा जात नाही, ही तिसरी. सगळे मेसेज पुसूनही "मेमरी फुल" म्हणणं थांबत नाही, ही चौथी. प्रत्येकीचं कारण निराळं आणि उपायही निराळा. म्हणून आधी आपली तक्रार कोणती ते नीट पाहा.

पुसण्याआधी

काही मेसेज पुसायचेच नसतात. बँकेचे जमा-नावे मेसेज, पीएम किसानचा हप्ता आल्याचे मेसेज, महावितरणचं बिल भरल्याची पावती, विम्याच्या हप्त्याची नोंद हे सगळं वर्षभर तरी राहू द्यावं. द्राक्षबागेवाल्यांनी व्यापाऱ्याशी झालेलं भावाचं बोलणं मेसेजमध्ये असेल, तर पैसे हातात पडेपर्यंत त्याला हात लावू नये.

फसवणुकीचा मेसेज आला असेल तर घाबरून तो ताबडतोब पुसू नका. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ह्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करा. पैसे गेले नसतील, नुसता संशयास्पद मेसेज असेल, तर केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षु' नावाची सोय २०२४ पासून आहे, तिथे कळवा. पोलिसांत तक्रार द्यायची वेळ आली तर नुसत्या स्क्रीनशॉटपेक्षा फोनमधला मूळ मेसेज जास्त कामाचा असतो, कारण त्यावर पाठवणाऱ्याचं नाव आणि वेळ जशीच्या तशी असते. तक्रार मार्गी लागेपर्यंत तो राहू द्या.

बाकीच्यांसाठी बॅकअप घ्या. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मग गूगल, मग बॅकअप इथे एसएमएसचा समावेश आहे का ते बघा. एक लक्षात ठेवा: हा बॅकअप साधारणपणे नवा किंवा फॉरमॅट मारलेला फोन सुरू करतानाच परत घेता येतो. मधूनच एखादा पुसलेला मेसेज त्यातून उचलून आणता येत नाही. महत्त्वाच्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढून ठेवणं म्हणूनच बरं.

बटण दाबलं तरी मेसेज हलत नाही

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण दुसऱ्या मेसेज अ‍ॅपचं असतं. २०१३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ४.४ पासून असा नियम आहे की फोनमधल्या एसएमएसच्या साठ्यात भर घालायची किंवा त्यातून काही पुसायचं, तर तो अधिकार फक्त डीफॉल्ट, म्हणजे फोनने मेसेजसाठी मुख्य म्हणून नेमलेल्या, एसएमएस अ‍ॅपला असतो. बाकीच्या अ‍ॅपना परवानगी दिली तर ती मेसेज वाचू शकतात, पुसू शकत नाहीत. फोनमध्ये गूगल मेसेजेस आहे, कंपनीचं स्वतःचं मेसेज अ‍ॅप आहे आणि कधीतरी ट्रूकॉलरनेही "मला डीफॉल्ट करा" म्हणून विचारलं होतं, त्यावर नकळत होकार दिला गेला. आता तुम्ही जुन्या सवयीने कंपनीच्या अ‍ॅपमधून पुसायला जाता आणि काहीच घडत नाही, किंवा बटणच फिकट दिसतं.

उपाय असा:

१. सेटिंग्ज उघडा, अ‍ॅप्समध्ये जा, तिथे 'डीफॉल्ट अ‍ॅप्स' शोधा. सापडत नसेल तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत 'डीफॉल्ट' लिहा.
२. 'एसएमएस अ‍ॅप' वर टॅप करा. कोणाच्या नावापुढे खूण आहे ते बघा.
३. ज्या अ‍ॅपमधून तुम्ही मेसेज वाचता तेच निवडा. मेसेज कुठेही जात नाहीत, साठा तोच राहतो.
४. फोन एकदा बंद करून चालू करा आणि एकच बिनकामाचा मेसेज पुसून पाहा.

चौथी पायरी चुकवू नका. एकावर प्रयोग करून बघितल्याशिवाय शंभर निवडू नयेत.

दुसरं कारण ऐकायला विचित्र वाटतं: फोनमध्ये जागा नसल्यामुळेही मेसेज पुसला जात नाही. मेसेज एका डेटाबेसमध्ये असतात, आणि त्यातली नोंद काढतानासुद्धा त्या डेटाबेसला तात्पुरती टिपणं लिहायला थोडी मोकळी जागा लागते. ती जागाच उरली नसेल तर पुसणं अर्धवट थांबतं आणि मेसेज होता तिथेच राहतो. जागा करायला म्हणून मेसेज पुसायचे आणि जागा नाही म्हणून ते पुसले जायचे नाहीत, असा पेच पडतो. अशा वेळी मेसेजचा नाद सोडा. आधी डाउनलोड्स फोल्डर आणि व्हॉट्सअ‍ॅपमधले मोठे व्हिडिओ काढा, एखादा जीबी मोकळा करा, फोन रीस्टार्ट करा आणि मग मेसेजकडे वळा.

तिसरं कारण नुसत्या ढिगाचं. एकाच संभाषणात कित्येक वर्षांचे हजारो मेसेज साठलेले असतात. संपूर्ण संभाषण पुसायला सांगितलं की स्वस्तातला किंवा जुना फोन बराच वेळ गप्प बसतो, आपल्याला वाटतं हँग झाला, आपण अ‍ॅप बंद करतो आणि काम अर्धवट राहतं. फोन चार्जिंगला लावा, स्क्रीन चालू ठेवा, हुकूम द्या आणि थांबा. तरीही होत नसेल तर संभाषण उघडून मेसेजवर बोट दाबून धरा आणि थोडे थोडे निवडून पुसा. सॅमसंगच्या मेसेज अ‍ॅपमध्ये सगळे एकदम निवडता येतात. प्रत्येक अ‍ॅपमध्ये ती सोय असेलच असं नाही.

काही जुन्या अ‍ॅपमध्ये मेसेज 'लॉक' करता येतो. अशा मेसेजवर छोटं कुलूप दिसतं आणि संभाषण पुसताना "लॉक केलेले मेसेजही पुसायचे का" अशी चौकट येते. त्या चौकटीत खूण केली नाही तर बाकीचे जातात, तो राहतो.

हे सगळं करून झालं, तरी अडलंय? मग ह्या क्रमाने जा. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, तिथे मेसेज अ‍ॅप, आणि 'सक्तीने थांबवा' दाबा. मग 'स्टोरेज व कॅशे' मध्ये जाऊन फक्त कॅशे, म्हणजे तात्पुरता साठवलेला डेटा, साफ करा. ह्याने एकही मेसेज जात नाही. प्ले स्टोअरवर अ‍ॅपचं अपडेट आहे का ते पाहा. शेवटी सेफ मोड: पॉवरचं बटण दाबल्यावर येणाऱ्या 'पॉवर ऑफ' वर बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये तो पर्याय येतो. सेफ मोडमध्ये तुम्ही टाकलेली अ‍ॅप चालत नाहीत. तिथे मेसेज नीट पुसला गेला, तर दोष तुम्ही टाकलेल्या एखाद्या अ‍ॅपचा आहे. नुकतंच कोणतं टाकलं ते आठवा आणि काढा.

एक इशारा. अ‍ॅप्सच्या यादीत सिस्टिम अ‍ॅप दाखवायला सांगितलं की 'फोन आणि मेसेजिंग स्टोरेज' अशा अर्थाचं एक नाव दिसतं. एसएमएसचा खरा साठा तो. त्याचा डेटा साफ केला तर सगळेच्या सगळे मेसेज जातात आणि परत येत नाहीत. व्हिडिओ बघून पुष्कळ जण हा उपाय करतात. सगळंच उडवायचं ठरवलं असेल, बॅकअप घेतलेला असेल, तरच तिकडे जा.

गेला होता, परत आला

पहिल्यांदा हे बघा की तो खरंच पुसला होता का. गूगल मेसेजेसमध्ये संभाषण बोटाने बाजूला सरकवलं की ते साधारणपणे 'संग्रहित' मध्ये जातं. हे म्हणजे नको असलेलं सामान पोटमाळ्यावर टाकण्यासारखं: नजरेआड झालं, घरातून गेलं नाही. त्याच नंबरवरून नवा मेसेज आला की जुनं सगळं संभाषण पुन्हा वर येतं. पुसायचंच असेल तर संभाषणावर बोट दाबून धरा आणि वरचं कचरापेटीचं चिन्ह दाबा.

सॅमसंगच्या अ‍ॅपमध्ये पुसलेले मेसेज कचरापेटीत ३० दिवस राहतात. तिथून ते परत आणता येतात. चुकून पुसणाऱ्यासाठी हे वरदान आहे, पण कोणाला दिसू नये म्हणून पुसत असाल तर कचरापेटीही रिकामी करा. अँड्रॉइड ११ पासून सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनचा इतिहास ठेवण्याची सोय आहे. ती चालू असेल तर पुसलेल्या मेसेजचा मजकूर तिथे २४ तासांपर्यंत दिसू शकतो.

बँकेच्या मेसेजचं प्रकरण वेगळं आहे, आणि त्यात ज्येष्ठ मंडळी फार गोंधळतात. "बँकेचे सगळे मेसेज पुसले, तरी पुन्हा बँकेचंच नाव!" असं होतं, कारण एकाच बँकेचे मेसेज वेगवेगळ्या वाटांनी येतात. पाठवणाऱ्याच्या नावाआधी दोन इंग्रजी अक्षरं आणि एक आडवी रेघ असते. त्यातलं पहिलं अक्षर कोणत्या टेलिकॉम कंपनीच्या वाटेने मेसेज आला ते सांगतं, दुसरं कोणत्या विभागातून. ही अक्षरं बदलली की काही अ‍ॅप त्याला वेगळा पाठवणारा मानून वेगळं संभाषण उघडतात. म्हणजे परत आलेला मेसेज परत आलेलाच नसतो, तो शेजारचा असतो. शोधपट्टीत बँकेचं नाव लिहा, सगळी संभाषणं एकत्र दिसतील.

नावाच्या शेवटी आता एक अक्षरही लागतं, तेही वाचायला शिका. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकार. पी वाले बिनधास्त पुसा. टी वाल्यांना हात लावण्याआधी दोनदा बघा.

खरोखर पुसलेले मेसेज परत येत असतील, तर कुठेतरी सिंक, म्हणजे दुसरीकडे ठेवलेली प्रत फोनशी जुळवून घेणं, चालू आहे. काही कंपन्यांच्या फोनमध्ये त्यांच्या स्वतःच्या क्लाउडवर मेसेज ठेवायची सोय असते. ती बंद करा किंवा क्लाउडवरूनही मेसेज काढा. बॅकअप परत आणणारं एखादं अ‍ॅप टाकलं असेल, तर त्यातून 'रिस्टोअर' दाबल्याबरोबर जुने मेसेज परत भरले जातात. कधी कधी तर दुहेरी.

आकडा तसाच

मेसेज अ‍ॅपवर ३ किंवा ७ असा आकडा, आत गेलं तर न वाचलेलं काहीच नाही. तो न वाचलेला मेसेज जवळजवळ नेहमी तीनपैकी एका जागी सापडतो: 'संग्रहित' मध्ये, 'स्पॅम आणि ब्लॉक केलेले' मध्ये, किंवा व्यवहार, ऑफर अशा वर्गवारीच्या दुसऱ्या एखाद्या टॅबमध्ये. तिन्ही ठिकाणी बघा, 'सर्व वाचले' असा पर्याय असेल तर तो दाबा. तरी आकडा राहिला तर मेसेज अ‍ॅपचा आणि होम स्क्रीनच्या अ‍ॅपचा कॅशे साफ करून फोन रीस्टार्ट करा.

मोठ्या भोंग्यासारख्या आवाजासह येणारी सरकारी आपत्ती सूचना मात्र मेसेज अ‍ॅपमध्ये शोधू नका. २०२३ मध्ये तिच्या चाचण्या झाल्या तेव्हा पुष्कळांना तो मेसेज कुठे गेला ते कळेना. ती एसएमएस नसते, सेल ब्रॉडकास्ट असते, म्हणजे टॉवरच्या पट्ट्यातल्या सगळ्या फोनवर एकदम पोहोचणारी. तिची नोंद सेटिंग्जमधल्या सुरक्षा आणि आणीबाणी विभागात, आपत्कालीन सूचनांच्या इतिहासात असते, आणि हवी तर तिथूनच पुसता येते. पण ह्या सूचना बंद मात्र करू नका. गंगापूर धरणातून विसर्ग वाढून पाणी दुतोंड्या मारुतीपर्यंत चढू लागलं, की गोदाकाठच्या माणसाला सगळ्यात आधी लागते ती वेळेवरची सूचनाच.

सगळं पुसलं, तरी मेमरी फुल

इथे सरळ सांगतो: एसएमएस पुसून फोनमध्ये जागा होत नाही. एक एसएमएस म्हणजे जास्तीत जास्त १४० बाइट. त्यात इंग्रजी १६० अक्षरं मावतात, मराठी फक्त ७०. असे दहा हजार मेसेज धरले, वेळ आणि नंबराच्या नोंदी धरल्या, तरी हिशेब काही एमबीचा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा लग्नाचा एक व्हिडिओ त्याहून मोठा असतो. मेसेज अ‍ॅप जागा खात असेल तर ती इंटरनेटवरून चालणाऱ्या चॅट सुविधेतून आलेल्या फोटो-व्हिडिओंची असते. ते असलेली संभाषणं निवडून पुसा, साधे मेसेज राहू द्या.

"सिम फुल" असा इशारा आला तर गोष्ट निराळी. सिम कार्डात मोजकेच मेसेज मावतात, आणि जुना फोन मेसेज तिथे ठेवत असेल तर जागा भरल्यावर नवे यायचे थांबू शकतात. मेसेज अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'सिम कार्डवरील मेसेज' असा पर्याय शोधा आणि तिथले वेगळे पुसा. फोनमधले पुसल्याने सिमवरचे जात नाहीत.

आयफोनवर

आयफोनवर कामं कमी आहेत. २०२२ च्या आयओएस १६ पासून पुसलेले मेसेज 'नुकतेच डिलीट केलेले' मध्ये जातात, तिथे साधारण ३० दिवस, कधी ४० दिवसांपर्यंत राहतात. कायमचे काढायचे तर तिथे जाऊन पुन्हा पुसावे लागतात. आयक्लाउडमध्ये मेसेज चालू असतील तर एका उपकरणावर पुसलेला मेसेज त्याच खात्याच्या आयपॅड आणि मॅकवरूनही जातो. तसं होत नसेल तर एखाद्या उपकरणावर ही सोय बंद आहे असं समजा. मेसेजच्या सेटिंग्जमध्ये 'मेसेज ठेवा' इथे ३० दिवस, १ वर्ष किंवा कायम असं ठरवता येतं. ३० दिवस निवडलं की जुने सगळे मेसेज जातात, म्हणून ते विचारपूर्वक निवडा.

मेसेज आपोआप गायब होत असतील

ही तक्रार उलटी आहे, आणि मला सगळ्यात जास्त काळजी हिचीच वाटते. कारण साधंही असू शकतं: सॅमसंगसारख्या अ‍ॅपमध्ये 'जुने मेसेज पुसा' चालू असेल, तर मर्यादा ओलांडल्यावर जुने आपोआप जातात. गूगल मेसेजेसमध्ये २०२१ पासून भारतात ओटीपी २४ तासांनी आपोआप पुसण्याची सोय आहे, ती तुम्हीच कधीतरी चालू केलेली असेल.

पण ताजे मेसेज, विशेषतः बँकेचे, येऊन नाहीसे होत असतील, किंवा डीफॉल्ट एसएमएस अ‍ॅपच्या जागी तुम्हाला माहीत नसलेलं नाव दिसत असेल, तर थांबा. आरटीओचं चलन, लग्नपत्रिका, वीजबिल अशा नावांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून थेट टाकायचं अ‍ॅप, येते. ती टाकली की ते अ‍ॅप मेसेजची परवानगी मागतं, ओटीपी वाचून पुढे पाठवतं, आणि डीफॉल्ट झालं तर बँकेचा मेसेज तुम्हाला दिसण्याआधी पुसूही शकतं.

असा संशय आला तर लगेच फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वायफाय बंद करा. घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून व्यवहार थांबवायला सांगा. पैसे गेले असतील तर १९३०. मग फोन सेफ मोडमध्ये सुरू करा, सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस अ‍ॅडमिन अ‍ॅप' शोधून अनोळखी नावापुढची परवानगी काढा, त्यानंतर ते अ‍ॅप काढून टाका. आधी परवानगी, मग अ‍ॅप, कारण काही अ‍ॅप अ‍ॅडमिन असताना निघत नाहीत. एवढं करूनही निघालं नाही, तर मात्र फॉरमॅट मारणंच योग्य. पैसे गेले असतील तर त्याआधी पोलिसांना फोन दाखवा, नाहीतर पुरावाही जाईल.

ह्याच कारणासाठी "एका टॅपमध्ये सगळे मेसेज साफ" म्हणणारी अ‍ॅप टाकू नका. मेसेज पुसायचा तर त्या अ‍ॅपला डीफॉल्ट करावं लागतं, म्हणजे तुमच्या प्रत्येक ओटीपीची चावी त्याच्या हातात द्यावी लागते. दहा मिनिटांचं काम हाताने करा.

पुन्हा ढीग साठू नये म्हणून

जाहिरातींचे मेसेज येणंच थांबवा. १९०९ वर इंग्रजीत 'स्टार्ट' लिहून, जागा सोडून शून्य असा एसएमएस पाठवला की जाहिरातींचे सगळे वर्ग बंद करण्याची विनंती जाते. ती नोंदल्यावरही जाहिरात आली तर तिची तक्रारही १९०९ वरच करता येते. ओटीपी आपोआप पुसण्याची सोय गूगल मेसेजेसच्या सेटिंग्जमध्ये मेसेज व्यवस्थापनाच्या भागात आहे, ती चालू ठेवा.

फोन विकताना

जुना फोन एक्स्चेंजला द्यायचा असेल तर मेसेज एकेक करून पुसत बसू नका. आधी बॅकअप घ्या. मग सेटिंग्जमधल्या खात्यांमधून स्वतःचं गूगल खातं काढा. ते न काढता रीसेट मारलं तर पुढच्या मालकाला फोन तुमचाच पासवर्ड मागत राहू शकतो. आयफोन असेल तर 'फाइंड माय' बंद करा. सिम आणि मेमरी कार्ड हातात घ्या, आणि मगच फॅक्टरी रीसेट मारा. अलीकडच्या फोनमधला डेटा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा असतो, त्यामुळे रीसेटनंतर जुने मेसेज परत काढता येत नाहीत. रीसेट काउंटरवर दुसऱ्याकडून करून घेऊ नका, घरी स्वतः करा, आणि स्वागताची भाषा निवडायची स्क्रीन दिसली की मगच फोन दुकानात न्या.